घोट्यांपासून खाली

तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या मोठ्या गावाचं एकोणचाळिसावं घर आज उत्खननात उघडं पडलं होतं. घराच्या जमिनीखाली एक माणूस उताणा पुरलेला होता.

"बाई, ह्याला पाय न्हाईत," परवाच कामावर आलेली हिराबाई म्हणाली. "कुणी तोडलं?"

"घरच्यांनीच. मेल्यावर त्यानं घर सोडून जाऊ नये म्हणून." हे सांगून सांगून उत्खनन करणाऱ्या कुंदाताईंना आता कंटाळा आला होता.

"लई माया म्हणायची!" असं म्हणत हिराबाई चहा आणायला गेली.

कानातल्या यंत्रातून भास्करचा आवाज आला. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. पण हल्ली सगळेच ठेवतात तसं त्याचं मन त्यांनीही यंत्रात ठेवून घेतलं होतं.

"दमलीस?"

"हो रे."

"मीही. कुंदा, मला जायचंय. पण जाताच येत नाही गं."

"बघते," त्या नेहमीसारखंच म्हणाल्या.

ठेवलेल्या माणसाला स्वतःहून जाण्याची मुभा असे. घरच्यांना ती काढून घेता येई. कुंदाताईंनी ती तेराव्यालाच काढून घेतली होती.

त्या ब्रशने नडगीवरची माती झाडू लागल्या. हाडावर एक नाही, चार उथळ घाव होते. कापणाऱ्याचा हात थरथरला असणार.

कुंदाताईंनी ब्रश खाली ठेवला. मग हात पुसून त्यांनी फोन काढला आणि भास्करची मुभा परत चालू केली.

"चहा येईपर्यंत थांबशील?"

"थांबतो की," भास्कर म्हणाला.