पुलाची सुनावणी

"प्रश्न लेखी द्या, उत्तर टपालानं येईल," कारकून म्हणाला.

"नवा कायदा वाचलाय का तुम्ही? मंत्र्यानं समोर बसायचं आणि तोंडानं उत्तर द्यायचं." शिवणकाम करणारी ती बाई सभागृहातल्या खुर्चीतून हलली नाही.

या कायद्यासाठी ती सचिवालयाच्या फाटकाशी उन्हातान्हात बसली होती. पूल कोसळला, कामावर निघालेली माणसं नदीत गेली, आणि बांधकाममंत्री म्हणाले, "पाणी वाढलं होतं, कोण काय करणार?" चौकशीला नेमले कोण, तर पूल बांधणाऱ्याचेच सोयरे.

शेजारी एक निवृत्त मास्तर बसले होते. त्यांची नात त्याच पुलावर होती.

"तुमचं कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"धाकटा मुलगा."

"थोरला असेल ना जवळ?"

"तो सरकारी कामात असतो. त्याला सवड नसते."

मंत्री मागच्या दारानं आले. प्रश्न कुणाचाही असो, कागदातून डोकं वर न काढता एकच उत्तर द्यायचे, "चौकशी चालू आहे." एक म्हातारा बोलता बोलता रडायला लागला, तर म्हणाले, "पुढचे."

मास्तर तिच्याकडे वळले. "कोडगा आहे नुसता. याला जन्म देणारीला लाज वाटत नसेल?"

"वाटत असणार," बाई म्हणाली.

तिची पाळी जवळ आली, तसा कारकून पुन्हा येऊन वाकला. "मावशी, साहेब म्हणतात, आत या. चहा घेऊ, शांतपणे बोलू."

"आतच बोलायचं असतं तर इथवर कशाला आले असते?"

ती उठली. माइकपाशी गेली. आवाज चढवला नाही.

"खांबांना तडे गेलेत, असं इंजिनिअरनं कळवलं होतं. तरी पूल चालू ठेवा, हा हुकूम कुणी दिला? चौकशीचं सांगू नका. नाव सांगा."

मंत्री कागद चाळत राहिले.

"नाव," ती म्हणाली.

मागून मास्तर उठले. "नाव सांगा." मग तो म्हातारा उठला. मग रांगच्या रांग उभी राहिली.

मंत्र्यांनी समोरचा माइक तळहातानं झाकला आणि पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"आई," तो पुटपुटला, "घरी बोलू ना."