अर्धी नोंद

बाबांनी एका हाताने गोळी तोंडात टाकली आणि दुसऱ्या हाताने भिंतीवरचं बटण बंद केलं. काम झालं, बटण बंद. जन्मभर वायरमन म्हणून राबलेला माणूस. उठता उठता दिवा, पंखा, रेडिओ, दिसेल ते बंद करणारच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काही उगीच नाही. टेबलावरच्या गोळ्यांच्या पेटीचा हिरवा दिवा विझला.

लेक समोरच होती, पण लॅपटॉपमध्ये डोकं घालून. तिला यातलं काही दिसलं नाही.

पेटी तिच्याच कंपनीची. वेळ झाली की पेटी शिट्टी देते, आतली चकती फिरते, वाटीत एक गोळी पडते आणि पेटी आपल्या पोटातल्या चिपवर लिहून ठेवते की गोळी दिली. त्या चिपवर फायली कशा लिहायच्या, कशा जपायच्या, ती सगळी फाइल सिस्टिम लेकीच्या हातची. नखाएवढ्या चिपचा संसार, पण तिने तो मोठा टापटीप मांडला होता. लिहिता लिहिता वीज गेलीच, तर अर्धवट नोंद केरात आणि शेवटची पूर्ण नोंद खरी. अर्ध्यामुर्ध्याला तिच्याकडे थारा नव्हता. ऑफिसात तिची पाठही थोपटली गेली होती.

पेटी आज पहिल्यांदाच घरी आली होती. मागच्या महिन्यात बाबा रक्तदाबाची गोळी दोनदा घेऊन बसले आणि स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडले. कपाळावरची खूण अजून पुरती गेली नव्हती.

लेकीने मान वर केली, तर पेटी बंद. बाबांना म्हणाली, हिला चालूच राहू द्या हो, आणि उठून बटण लावलं. पेटी जागी झाली. शिट्टी वाजली, चकती फिरली, वाटीत गोळी पडली. बाबांनी ती उचलली.

लेकीची नजर पाण्याच्या पेल्याकडे गेली. पेला अर्धा झाला होता.

"बाबा, थांबा. मघाशी एक घेतलीत ना?"

"छे. ही पहिलीच."

बाबांचं उत्तर नेहमी असंच ठाम. आईने रोज विचारावं, गोळी घेतलीत का, आणि प्रश्न संपायच्या आत यांचं 'घेतली की' तयार. खरं काय ते देव जाणे.

लेकीने त्यांचं मनगट हळूच धरलं आणि दुसऱ्या हाताने चिपवरचं सगळं पडद्यावर आणलं. टाकून दिलेल्या केरात ती सापडली. अर्धी नोंद; सुरुवात होती, शेवट नव्हता. गोळी पडली होती, पेटी लिहायला बसली होती आणि नेमकं तेव्हाच बटण बंद झालं होतं. असा योग लाखात एखादा, असं ऑफिसात सगळे म्हणाले होते. बाबांनी तो पहिल्याच दिवशी जुळवून आणला होता. आणि पेटीने शिकवल्याबरहुकूम अर्धं ते फेकून दिलं, आणि दिलीच नाही म्हणून दुसरी गोळी काढली.

आपल्याच टापटिपीची तिला भीती वाटली.

बाबांनी गोळी वाटीत परत टाकली. चेहरा उतरला होता.

"म्हणजे मी खोटं बोललो म्हणायचं."

"पेटी खोटं बोलली, बाबा. मीच तिला तसं शिकवलं होतं."

मग ती कामाला लागली. नोंद आधी लिहावी, तर वीज गेली की गोळी चुकणार. नंतर लिहावी, तर दोनदा पडणार. इकडे आड, तिकडे विहीर. बराच वेळ नखं खाऊन झाल्यावर तिने आपला लाडका नियमच खोडला. अर्धी नोंद टाकायची नाही, जपून ठेवायची. ती सापडली तर पेटीने हो म्हणायचं नाही, नाहीही म्हणायचं नाही. चकती अडवायची, पिवळा दिवा लावायचा आणि माणसाची वाट बघायची.

तिने गोळ्या काढून पेटीत तुटक्या माळेचे मणी भरले आणि मिनिटामिनिटाची वेळ लावली. बाबांना म्हणाली, आता बटण तुम्हीच बंद करा, केव्हाही, मला न सांगता. बाबा खुलले. या सवयीपायी आजवर बोलणीच खाल्ली होती; आज त्याच सवयीचं काम निघालं होतं. खुर्ची भिंतीपाशी ओढून ते दबा धरून बसले. बंद, चालू. बंद, चालू. हिरवा लागला, पुन्हा हिरवा लागला. मग एकदा मणी पडतोय न पडतोय तोच त्यांनी बटण दाबलं, आणि पुन्हा लावलं तेव्हा दिवा पिवळा होता.

"ही काय म्हणतेय आता?"

"म्हणतेय, दिली की नाही ते मला नक्की ठाऊक नाही. कुणीतरी बघा."

बाबा दिव्याकडे बघत राहिले.

"हिला त्यात कमीपणा नाही वाटत," ते म्हणाले.

लेकीने लॅपटॉप मिटला.

दार वाजलं. आई बाजारातून आली होती. चपला काढता काढताच तिने विचारलं, "अहो, सकाळची गोळी घेतलीत का?"

नेहमीचं 'घेतली की' आलं नाही. आई पिशवी हातात घेऊन तशीच दारात थांबली.

बाबा वाटीतला मणी बोटाने फिरवत होते.

"नक्की आठवत नाही गं," ते म्हणाले. "पोरीला विचार."