लच्छा

द्रव नायट्रोजनच्या थंडीत तारा आवळणारी प्लॅस्टिकची पट्टी तडकते, तारा हलतात आणि प्रकाशकणाचा इवलासा सिग्नल त्या गोंगाटात हरवतो. म्हणून वर्षभर खपून बनवलेल्या माझ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या तारा मी मनगटावरच्या लच्छ्यानं, खजरान्याच्या गणपतीच्या सुती धाग्यानं, बांधल्या होत्या. लॅबमध्ये शेजारीच बसणाऱ्या नवऱ्याला कारणही समजावलं होतं. आज पुण्याच्या पाहुण्यांसमोर त्यानं “माझं डिझाइन” म्हणत बोर्ड उचलला. मी नायट्रोजनचं भांडं धरून मागे उभी होते. “हा लाल धागा कशाला?” पाहुण्यांनी विचारलं. “अरे सर, ते आमच्या मिसेसचं. देवभोळी आहे जरा. म्हटलं, चलने दो.” सगळे हसले. तोही. मी पुढे झाले, लच्छा कापला आणि तारांवर प्लॅस्टिकची पट्टी आवळली. “अब लगा ना प्रोफेशनल!” नवरा खूश झाला. त्यानं बोर्ड नायट्रोजनमध्ये सोडला आणि मी कान देऊन उभी राहिले.