सकाळचा धक्का

“सोड!” सुखराम मागून ओरडला.

धनीरामने क्लचवरचा पाय उचलला. गाडीने गचका खाल्ला, काळा धूर सोडला आणि धडधडत सुरू झाली. शेजारी बसलेल्या गुड्डीने, त्याच्या लेकीने, सुटकेचा श्वास टाकला. सुखरामने अंगावरची शाल सारखी केली आणि तो आपल्या दारात शिरला. दोघा भावांचं त्या दिवसाचं बोलणं संपलं.

दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेपासून दोघांचं बोलणं बंद होतं. करडीच्या मंडईत रात्री नाटक होतं. थोरला धनीराम त्यात राजा झाला होता. धाकटा सुखराम पडद्याआडून वाक्यं सांगायला बसला होता. ऐन दरबारात राजा वाक्य विसरला. सुखरामने ते सांगितलं, पण माइक नेमका त्याच्याच तोंडाजवळ होता. राजाचं वाक्य राजाच्या आधी साऱ्या गावाने ऐकलं. लोक पोट धरून हसले. डोक्यावरचा मुकुट उतरवायच्या आतच धनीराम भावाला म्हणाला, “आजपासून माह्यासंग बोलूच नको.” सुखरामने उभ्या जन्मात थोरल्याचं काही ऐकलं नव्हतं. हे मात्र त्याने तंतोतंत ऐकलं.

दोघांची दारं एकाच अंगणात. सकाळसंध्याकाळ भाऊ समोर दिसायचा आणि मान वळवून जायचा. धनीरामला फार वाईट वाटायचं. आपणच बोललो ते आपणच मागे घ्यावं, हेही कळायचं. पण मिशा पिकलेल्या थोरल्याने आधी तोंड उघडायचं कसं? सारं तिथेच अडून बसलं होतं.

मग थंडी पडली आणि एका सकाळी गाडी सुरूच होईना. जुनं डिझेल इंजिन. थंडीत ते आधी हीटर प्लगने आतून तापवावं लागतं, तेव्हाच पेट घेतं. त्या सकाळी ते काही तापलं नाही. धनीराम किल्ली फिरवून दमला. तेवढ्यात सुखराम न बोलावता आला, त्याने डिक्कीला हात लावले, गाडी ढकलत नेली आणि वेग आल्यावर ओरडला, “सोड!” क्लच कधी सोडायचा, हे मागच्याने सांगायचंच असतं. त्याला बोलणं म्हणत नाहीत, असं सुखरामने ठरवलं असावं.

तेव्हापासून रोज सकाळी हाच कार्यक्रम. गुड्डी वरठीहून रेल्वेने नागपूरला नोकरीला जायची. धनीराम तिला स्टेशनवर सोडायचा. धक्का मारण्याच्या नादात तिची रेल्वे दोनदा चुकली.

“बाबा, डोमा मिस्त्रीले बोलवा ना,” ती म्हणाली.

“एवढ्याशा कामाले मिस्त्री कायले? धक्क्यानं तं सुरू होते.”

शेवटी गुड्डीनेच फोन केला. गाडी थंड असतानाच पाहायची म्हणून डोमा दिवस उगवताच आला. नेहमीप्रमाणे सुखरामही बाहेर आला आणि डिक्कीवर हात ठेवून उभा राहिला. मिस्त्री आलेला पाहून त्याचा चेहरा जरा उतरला.

डोमाने धनीरामला किल्ली फिरवायला लावली आणि टेस्ट लॅम्प प्लगवर धरला. दिवा लागला नाही. मग त्याने बॅटरीवरून सरळ करंट देऊन पाहिला. प्लग छान तापले.

“प्लग चांगले हायेत. करंटच पोचून नाई राहिला.” तो वायर चाचपत गेला आणि थांबला. “धनीरामभाऊ, वायर काढलेली हाये. आपोआप निघाली असती तं नटही पडला असता. इथं तं नट पुन्हा कसून ठेवला हाये. हे कोणीतरी मुद्दाम केलं.”

धनीरामची बायको चंद्रभागाबाई चहा घेऊन आली होती. तिने कप तिथेच ओट्यावर आदळले.

“भाऊजी! तुमचं काम हाये ना हे? आधी वायर काढता, अन् मंग भला माणूस म्हणून धक्का देता? नाटकाचा राग पोरीच्या नोकरीवर काहून काढून राहिले?”

सुखराम डिक्कीवरची धूळ पुसू लागला.

“बोला ना आता!”

सुखरामने थोरल्याकडे एकदा पाहिलं. डिक्कीवरचे हात काढले आणि तो घराकडे वळला. त्याची ती पाठ पाहून धनीरामला कळून चुकलं. हा आता दारात शिरला, तर पुन्हा धक्का द्यायलाही येणार नाही.

“थांब, सुखराम!” तो ओरडला. मग बायकोकडे वळला. “त्याले बोलू नको. वायर म्या काढली.”

“तुमी?”

“पहिल्या दिवशी ते आपोआप निघाली होती. म्या सायंकाळी लावली. मंग मनात आलं, गाडी सुरू झाली तं हा कायले येईन? एक शब्द तं बोलते ना माह्यासंग. म्हणून दिवसा लावतो अन् रात्री काढून ठेवतो. रोज.”

गुड्डी बापाकडे पाहतच राहिली. “बाबा! अन् माही रेल्वे?” म्हणताना तिला रागही येत होता आणि हसूही. चंद्रभागाबाईने पदर तोंडाला लावला. डोमाने उगाच पाना पुसायला घेतला.

सुखराम अंगणाच्या मध्यावर थांबला होता. तो हळूच वळला. मंडईनंतर पहिल्यांदा त्याने भावाच्या डोळ्यांत सरळ पाहिलं.

“रोज नाई, भाऊ,” तो म्हणाला. “नाकाडोंगरीच्या लग्नाहून आला अन् तसाच झोपला तू. वायर लागूनच होती. त्या दिवशी म्या काढली.”