खरं बोलणाऱ्याची म्हैस

देवानं माणसाला बुद्धी दिली ती फसू नये म्हणून, असं गेणबाचं ठाम मत होतं. आणि निरवांगीत ती सगळ्यात जास्त आपल्याच वाट्याला आली, असंही. घरची म्हैस आटून डेअरीला दूध घालणं बंद पडलं, तेव्हा तो ही बुद्धी घेऊन सुप्याला शांतवनच्या गोठ्यावर गेला. शांतवन म्हणजे रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवणारा माणूस.

"आबा, आधीच सांगतो," शांतवन म्हणाला, "दिसाया झकास हाय, पर दोन्ही वेळचं मिळून पाचच लिटर देती. आन लाथ मारती."

"विकायच्या म्हशीची खोड सांगतुयास? येडा हायस का शाना?"

"शाना न्हाय. पर वरच्याला समदं दिसतंय, येवढं कळतं."

देवाचं नाव निघालं तसा गेणबाचा संशय पक्का झाला. म्हैस नक्की दहा लिटरची, आणि ह्यानं ती कुणा पाहुण्यासाठी राखलेली. त्यानं मागितल्यापेक्षा जास्त पैसे देऊन दावं हातात घेतलं. शांतवन वरचे पैसे परत द्यायला लागला, तेव्हा तर तो म्हशीसकट जवळजवळ पळालाच.

चार दिवसांनी तो लंगडत आला. "फसवलंस मला."

"मी काय खोटं बोललो, आबा?"

गेणबानं बराच वेळ आठवून पाहिलं. "कायबी न्हाय. तितंच तर फसलो!"

"मग आना की म्हागारी. समदं पैसं देतो."

गेणबाचे डोळे बारीक झाले.

म्हैस अजून निरवांगीतच आहे.