उन्हावर चालणारा फोन

पत्र्यावरून फोन उचलला आणि उकडलेला बटाटा झेलावा तसा पत्रेवाल्याने तो या हातातून त्या हातात टाकला. शेवटी शर्टाच्या टोकात धरला. फोन बंद होता. बटण दाबल्यावर काळ्या पडद्यावर थर्मामीटरचं चित्र आलं आणि गेलं. सकाळपासून उन्हात आहे, बॅटरी संपेलच कशी, असं म्हणत त्याने तो पाण्याच्या टाकीच्या सावलीत नेऊन ठेवला.

फोनच्या पाठीला काळ्या काचेची पट्टी असलेलं कव्हर होतं. उन्हात पालथं ठेवायचं, की फोन आपोआप चार्ज. हे कव्हर त्याने मेहुण्याच्या नाकावर टिच्चून घेतलं होतं.

बायकोच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. एक दिवसाआड ती घराजवळच्या डायलिसिस केंद्रात मशीनवर असे. मोठ्या हॉस्पिटलात किडनीच्या यादीत तिचं नाव घातलेलं होतं. जुळणारी किडनी मिळाली की तिथून फोन येणार आणि लगेच धावायचं, कारण मिळालेली किडनी कुणासाठी थांबत नाही. घरात फोन एकच, तोही याच्या खिशात. आणि हा दिवसभर कुठल्यातरी अर्धवट शेडच्या छपरावर. तिथे प्लग कुठला? दुपार झाली की फोन मान टाकायचा. म्हणून हॉस्पिटलात दोन नंबर दिलेले होते, एक त्याचा आणि दुसरा मेहुण्याचा.

मध्यंतरी कसल्याशा तपासणीसाठी हॉस्पिटलमधून फोन आला. याचा बंद. मेहुण्याने उचलला, बहिणीला घेऊन गेला, आणि परत आल्यावर दारात, शेजारीपाजारी ऐकत असताना म्हणाला, “दाजी, तुमचा फोन म्हणजे शोभेची वस्तू. तुमच्या भरवशावर राहिली तर माझी बहीण संपलीच.”

आता मेहुणा बोलला ते काही खोटं नव्हतं. पण खरं बोलायलाही जागा बघावी लागते. बायकोला पाणी मोजून देणं, तिच्या पायाची सूज बघणं, रात्री तिला दम लागला की उठवून बसवणं, सगळं हा करत होता. त्यातलं काही कुणी दारात उभं राहून सांगितलं नाही. ते एक वाक्य मात्र जेवताना त्याच्या घशात अडकायचं. त्याने कव्हर घेतलं आणि तसाच हॉस्पिटलात गेला.

“तो दुसरा नंबर काढून टाका. माझा आता बंद पडत नाही. उन्हावर चालतो,” त्याने टेबलामागच्या बाईंना सांगितलं.

“असू द्या की. दोन असलेले बरे,” त्या म्हणाल्या.

“नवरा मी आहे ना तिचा?”

बाईंनी नंबर काढला. बाहेर पडताना त्याला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं.

मग रोज तेच. कामावर चढायचं आणि फोन पत्र्यावर पालथा घालायचा. ज्या पत्र्याला दुपारी तो स्वतः हातमोजा घातल्याशिवाय हात लावत नसे, त्याच पत्र्यावर. निम्मं आयुष्य पत्रे ठोकण्यात गेलं आणि तापून फोनही बंद पडेल, एवढं साधं डोक्यात आलं नाही. डोक्यात मेहुणा बसला होता, दुसऱ्या कशाला जागाच नव्हती. इतके दिवस आभाळ असायचं, निभावलं. आज ऊन कडक होतं.

सावलीत निवल्यावर फोन सुरू झाला. बॅटरी पूर्ण भरलेली. त्याला बरं वाटलं. तेवढ्यात एकामागून एक मेसेज येऊन पडले, फोन बंद असताना कुणी कुणी फोन केला त्याचे. सगळे एकाच नंबरचे. हॉस्पिटलचा नंबर त्याला पाठ होता.

त्याने फोन लावला. “खूप प्रयत्न केला हो आम्ही,” बाई म्हणाल्या. “यादीत पहिलं नाव तुमच्या पत्नीचंच होतं. शेवटी पुढच्या पेशंटला बोलावलं. तो दुसरा फोन नंबर असता तर...”

घरी जाताना त्याने ठरवलं, सगळं सांगून टाकायचं. कोपऱ्यावर आल्यावर ठरवलं, रेंज नव्हती म्हणायचं. जिना चढताना काहीच ठरेना.

बायको मशीनवरून येऊन पडली होती. आज तिचा चेहरा जरा तरतरीत वाटत होता. “आज केंद्रात नुसती धावपळ,” ती म्हणाली. “माझ्या शेजारच्या खुर्चीवर मास्तरीणबाई असतात ना, त्यांना किडनी मिळाली. अर्ध्यातूनच नळ्या काढून नेलं. रडत होत्या हो. आधीच्या पेशंटचा फोन लागला नाही म्हणून आपल्याला बोलावलं, हे त्यांच्या मुलीला कळलं होतं. कुणाच्या तोंडचा घास घेतला मी, म्हणत होत्या. मी म्हटलं, मनाला लावून घेऊ नका. जा, चांगल्या बऱ्या होऊन या.”

तो मोरीत हात धूत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

“आमचा दोघींचा रक्तगट एकच,” ती म्हणाली.

“मला काही फोन आला नाही,” तो म्हणाला. तिने विचारलं नव्हतं.

ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. मग उशी सारखी करून भिंतीकडे वळली.

“जेवून घ्या,” ती म्हणाली. “आणि दादाला यातलं काही कळू देऊ नका. तो जन्मभर ऐकवील, आणि तुमची बाजू घ्यायला मी नसेन.”