आरशासमोरचा पटका

विस्मरणाच्या आजारात काकासाहेबांचे हात डोक्याला पटका बांधण्याची रीतही विसरून गेले होते. त्या सकाळी मात्र कुंभार पिंपळगावच्या घरात ते आरशासमोर उभे राहून एकेक पीळ बिनचूक देत होते, आणि त्यांच्या पत्नी दैवशालाबाई, निवृत्त विज्ञानशिक्षिका, यांना आनंद आवरत नव्हता. स्वतःचे स्वतः आवरता आले, तर मुलगा वडिलांना जालन्याच्या शुश्रूषाकेंद्रात ठेवणार नव्हता.

“अहो, लग्नातबी इतका बराबर न्हवता बांधला तुम्ही! कसं जमलं?”

“तो आधी बांधतो, मंग मी त्याचं पाहून बांधतो. भला माणूस हाय.”

स्वतःचे प्रतिबिंब न ओळखणे हे या आजाराचे ज्ञात लक्षण आहे, हे बाईंना ठाऊक होते. तरीही त्यांनी निरखून पाहिले. आरशातला हात खरोखरच किंचित आधी हलत होता.

नजरेची चूक असेल, तर ती पडताळता येते. बाईंनी हसतच नवऱ्याची दोन्ही मनगटे घट्ट धरली.

आरशातल्या माणसाने उरलेला पीळ सावकाश दिला, टोक खोचले आणि तो दाराकडे वळला.

“हात सोड जल्दी,” काकासाहेब उतावीळपणे म्हणाले, “तो निघाला बी!”